पावतीची तार

आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक तार टांगलेली असायची. वरच्या टोकाला आकडा, खालच्या टोकाला लाकडाची चकती आणि मध्ये वीतभर उंचीचा पावत्यांचा गठ्ठा. वाण्याची, विजेची, घड्याळदुरुस्तीची, मिक्सरच्या भांड्याला नवं पातं बसवल्याची, घरात आलेली प्रत्येक पावती बाबा त्या तारेत ओवायचे. ते टपाल खात्यात होते. कागद जागच्या जागी ठेवण्यात त्यांचा हात बसलेला होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी गठ्ठा सुतळीने बांधून माळ्यावर जायचा आणि तार पुन्हा मोकळी व्हायची.

मोठी झाल्यावर मला त्या सवयीच्या मुळाशी असलेली धास्ती दिसू लागली. दुकानात काहीही परत घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "पावती आहे का?" विचारणाऱ्याच्या स्वरात, ती नसावी अशी आशा असे. बाबा काही न बोलता खिशातून पावती काढून काउंटरवर ठेवत. मग दुकानदाराची नजर भिंतीवरच्या पाटीकडे जाई, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'.

२००४ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून आईसाठी कपडे धुण्याचं मशीन आलं. बारा हजार चारशे रुपये. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, वर नारळ ठेवला. चौथ्या महिन्यात ड्रम फिरायचा थांबला. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "व्होल्टेजमुळे गेलंय. वॉरंटीत बसत नाही." दुकानदार म्हणाला, "आम्ही नुसते विकणारे, कंपनीशी बोला." कंपनी म्हणाली, डीलरशी बोला. भारनियमनाचे दिवस होते, वीज येजा करायची, त्यामुळे व्होल्टेजचं कारण खोटंही वाटेना. पण त्याच विजेवर शेजारच्या तिन्ही घरांतली मशिनं चालत होती. बाबांनी रजिस्टर्ड एडीने तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, तिन्ही पोचपावत्या मात्र आल्या आणि तारेत गेल्या. मग त्यांनी ठाण्याच्या ग्राहक मंचात स्वतःच तक्रार लिहून दिली. वकील केला नाही, कायद्याला तो लागतही नव्हता.

त्या दिवसापासून मशीन 'पुरावा' झालं. "त्याला हात लावायचा नाही," बाबांनी बजावलं. दुरुस्त करायचं नाही, विकायचं नाही, भंगारातही द्यायचं नाही. आमच्या गॅलरीची रुंदी जेमतेम साडेतीन फूट. त्यात ते मशीन उभं, आणि त्याच्या शेजारी पाटावर बसून आई हाताने कपडे धुवायची. दोन वर्षं सात महिने. कधी समोरचा वकील गैरहजर, कधी सदस्यांची जागा रिकामी. पुढे, दोष उत्पादनातला आहे की वापरातला हे ठरवायला मशीन तपासणीला पाठवायचं ठरलं आणि त्या तपासणीची फी आम्ही भरायची होती. आम्ही तक्रारदार, म्हणजे सिद्ध करणं आमच्याकडे.

शेवटी निकाल आमच्या बाजूने लागला. किंमत व्याजासकट परत आणि खर्चापोटी दोन हजार. बाबा पेढे घेऊन आले. आईने पेढा देवापुढे ठेवला आणि म्हणाली, "आता ते तेवढं गॅलरीतून हलवा."

नोकरीच्या निमित्ताने २०१४ ते २०२० अशी सहा वर्षं मी जर्मनीत, श्टुटगार्टला होते. योगायोग म्हणा, तिथेही माझं कपडे धुण्याचं मशीनच बंद पडलं, पाचव्या महिन्यात. मी बाबांची मुलगी. पावती शोधली, करार शोधला, इमारतीच्या वीजपुरवठ्याबद्दल घरमालकाकडून दोन ओळी लिहून घेतल्या. एवढी फाईल घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने खरेदीची तारीख पाहिली आणि मशीन न्यायला माणूस कधी पाठवू एवढंच विचारलं. मी फाईल उघडून वीजपुरवठ्याचा कागद पुढे केला. तो गोंधळला. म्हणाला, "हे तुम्ही कशाला दाखवताय? सहा महिन्यांच्या आतली तक्रार आहे. तुम्ही काही चुकीचं केलं असेल तर ते आम्ही दाखवून द्यायचं."

ते वाक्य ऐकून मला आईचा पाट आठवला.

तो मुलगा मेहरबानी करत नव्हता. कायदाच तसा आहे. युरोपीय संघात विकलेल्या नव्या वस्तूची किमान दोन वर्षं जबाबदारी विकणाऱ्यावर असते. जर्मन भाषेत तिला 'गेवेअरलाइस्टुंग' म्हणतात, आणि कंपनी आपल्या मर्जीने जी हमी देते ती 'गारांटी'. हे दोन शब्द तिथल्या लोकांच्या बोलण्यात वेगळे असतात. गारांटी कंपनीने दिली तर दिली. गेवेअरलाइस्टुंग नाकारायचा अधिकार दुकानदाराला नाही. आणि त्या दोन वर्षांतल्या पहिल्या काही महिन्यांत वस्तू बिघडली तर दोष विक्रीच्या वेळीच होता असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे सिद्ध करायची पाळी विकणाऱ्याची. मी होते तेव्हा ही मुदत सहा महिने होती, १ जानेवारी २०२२ पासून ती जर्मनीत एक वर्ष झाली.

मुदत संपल्यावर मात्र तिथेही तीच भिंत उभी राहते. माझा व्हॅक्युम क्लीनर अकराव्या महिन्यात बंद पडला तेव्हा दुसऱ्याच एका दुकानाने, अगदी नम्रपणे, दोष पहिल्यापासून होता हे सिद्ध करायला सांगितलं. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागणार होता आणि अहवालाचा खर्च क्लीनरच्या किमतीहून जास्त. मी तो सोडून दिला. वस्तू तशाच, मी तीच, कायद्याचं पुस्तकही तेच. सिद्ध कोणी करायचं एवढं एक वाक्य बदललं आणि हक्क हातातून गेला. तेव्हापासून वेगवेगळ्या देशांचे ग्राहक कायदे वाचताना मी आधी हे एकच शोधते.

आपल्याकडे हे वाक्य कुठून आलं, तर इंग्रजांकडून. १८९३ सालचा ब्रिटिश मालविक्री कायदा आणि त्याच्या वळणावर बेतलेला आपला १९३० चा. त्याचं सोळावं कलम आजही लागू आहे. अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची कसलीही गर्भित हमी नाही, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं, असा त्याचा रोख. घोड्यांच्या आणि धान्याच्या बाजारात ते चालून गेलं असेल. घेणाऱ्याला घोड्याचे दात मोजता येतात. बंद डब्यातल्या सर्किटचे दात मोजायचे कसे?

ही अडचण स्कॉटलंडमधल्या एका बाईने फार पूर्वी न्यायालयापुढे नेली. २६ ऑगस्ट १९२८ ची संध्याकाळ. पेझली गावातल्या वेलमेडो कॅफेत मे डॉनाह्यू मैत्रिणीबरोबर गेली होती. मैत्रिणीने तिच्यासाठी आइसक्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. अर्धी प्यायल्यावर उरलेली ओतली तेव्हा तीतून कुजलेली गोगलगाय पडली, असं तिचं म्हणणं. ती आजारी पडली. पण पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे दुकानदाराशी तिचा व्यवहारच नाही, आणि बाटली भरणाऱ्याशी तर दोघींचाही नाही. दुकानात काम करणारी ही बाई गरीब होती. निर्धन म्हणून दावा चालवण्याची परवानगी तिला मागावी लागली. २६ मे १९३२ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की आपल्या कृतीने ज्याला इजा होऊ शकेल तो आपला शेजारी, आणि माल बनवणाऱ्यावर त्या शेजाऱ्याची काळजी घेण्याची जबाबदारी आहे. इंग्रजी कायद्याच्या परंपरेतले कितीतरी देश आजही या निकालाचा आधार घेतात, भारतही. गोगलगाय खरंच होती का, हे कधीच सिद्ध झालं नाही. पुढे तडजोड झाली आणि पुरावा मांडायची वेळच आली नाही. मला यातलं हे फार मोलाचं वाटतं. आधी तत्त्व ठरलं, गोगलगायीची तपासणी नंतरसाठी ठेवली गेली.

त्याच ब्रिटनमध्ये आज २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे. सदोष वस्तू तीस दिवसांत परत देऊन पूर्ण पैसे घेता येतात. त्यानंतर दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी विकणाऱ्याला, तीही फसली तर पुन्हा वस्तू नाकारायचा हक्क आपला. पहिल्या सहा महिन्यांत सिद्ध करायची पाळी विकणाऱ्याची. जुनं वाक्य आम्हाला देऊन त्यांनी स्वतःसाठी नवं लिहिलं.

पण या साऱ्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते जपान, आणि त्याचं कारण माझी गोरेगावची आजी.

युद्धात हरलेलं जपान. सगळ्याची टंचाई, आणि मिळतं तेही हलकं. आगपेटीतल्या काड्या पेटत नव्हत्या. चूल पेटवायला एकामागून एक काडी घासत बसायचं, हे काम बायकांचं. सप्टेंबर १९४८ मध्ये टोकियोत घरोघरच्या बायका न पेटणाऱ्या आगपेट्या घेऊन एका सभेला जमल्या आणि तिथे त्यांनी त्या बदलून घेतल्या. त्यातून 'शुफुरेन' म्हणजे गृहिणींची संघटना उभी राहिली. तिच्या नेत्या ओकु मुमेओ. संघटनेने खूण निवडली ती शामोजी, म्हणजे भात वाढायची लाकडी पळी. मोर्चात त्या बायका मोठमोठ्या शामोज्यांवर मागण्या लिहून चालायच्या.

मुंबईत १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर हजारो बायका तेलासाठी, रॉकेलसाठी, साखरेसाठी रस्त्यावर उतरल्या, हातात लाटणं घेऊन. माझी आजी त्यातली एक. तिचं लाटणं आजही आमच्याकडे आहे, मधोमध थाळी वाजवून पडलेला खड्डा आहे त्याला. शामोजीचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा उठून ते लाटणं हातात घेतलं. एकमेकींचं नावही न ऐकलेल्या दोन देशांतल्या बायका स्वयंपाकघरातून बाहेर पडताना हाताला आलं ते घेऊन निघाल्या होत्या. विद्यापीठांत ग्राहक कायदा शिकवतात तेव्हा सुरुवात सहसा राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या १५ मार्च १९६२ च्या संदेशापासून होते. सुरक्षितता, माहिती, निवड आणि म्हणणं ऐकलं जाणं, हे ग्राहकाचे चार हक्क त्यांनी अमेरिकेच्या काँग्रेसपुढे मांडले. त्याचं महत्त्व आहेच. पण त्याच्या चौदा वर्षं आधी टोकियोत न पेटणाऱ्या काड्यांची सभा झाली होती. ती माहीत नसताना ही गोष्ट सांगणं मला अपुरं वाटतं.

शुफुरेनची एक हारही सांगायला हवी. फळांचा रस नावालाही नसलेली पेयं फळाच्या चित्रासह विकली जात. त्यांच्या लेबलाबद्दलचा नियम पुरेसा नाही म्हणून संघटनेने दाद मागितली. १९७८ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियम सर्वसाधारण लोकहितासाठी आहे, त्यातून ग्राहकाला मिळतो तो ओघाने आलेला फायदा, तेवढ्यावर त्याला दावा लावता येत नाही. म्हणजे रस तू पितेस, पण तक्रार करणारी तू कोण? आपल्या १९८६ च्या कायद्याने या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीच्या व्याख्यांतच दिलं होतं. तक्रारदार म्हणजे ग्राहक, किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटना, किंवा सरकारसुद्धा. हे वाचून मला आपल्या कायद्याचा मनापासून अभिमान वाटला.

तो कायदा आकाशातून पडला नव्हता. बिंदुमाधव जोशींनी सत्तरच्या दशकात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, त्या सुरुवातीच्या मंडळींत सुधीर फडके होते. आमच्या चाळीतही पंचायतीचा संघ होता. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी टेम्पो यायचा, जिन्याखाली सतरंजी अंथरली जायची आणि यादीप्रमाणे तूरडाळ, साबण, गूळ ज्याच्या त्याच्या पिशवीत पडायचा. मापं तपासायचं काम बाबांकडे. एकट्याने दुकानदाराशी भांडण्यापेक्षा तीस घरांनी मिळून घाऊक खरेदी करावी, हा विचार कायदा येण्याच्या दहा वर्षं आधी आमच्या जिन्याखाली रुजला होता. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि २४ डिसेंबर १९८६ ला आपला कायदा झाला.

आणि कायदा म्हणून तो उदार आहे. परदेशात राहून आल्यावर हे मला जास्त कळलं. जर्मनीत ग्राहकासाठी वेगळं न्यायालय नाही. साध्या दिवाणी न्यायालयात जायचं, आणि हरलात तर समोरच्याच्या वकिलाचा ठरलेला खर्चही तुमच्या माथी. शिवाय तिथे जबाबदारी विकणाऱ्याची, त्यामुळे दुकानाचं दिवाळं वाजलं तर बनवणाऱ्याला धरायला हातात फारसं काही उरत नाही. आपल्याकडे दुकानदार आणि कंपनी दोघांनाही एकाच तक्रारीत उभं करता येतं. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही या कायद्याखाली आणली. आता २०१९ च्या नव्या कायद्यात तक्रार आपण राहतो तिथेच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, आणि ती भिंतीवरची पाटीही अडचणीत आली आहे. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही आता अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीच न देणं हीसुद्धा. पाटी मात्र मी परवाच आमच्या बाजारात चार दुकानांत पाहिली.

आई २०१७ मध्ये दोन महिने माझ्याकडे आली होती. पहिल्याच दिवशी दुकानात बिस्किटांचा पुडा उलटसुलट करत ती म्हणाली, "अगं, यावर किंमतच नाही." एमआरपी. छापील किमतीशिवाय वस्तू असते हेच तिला पटेना. मी सांगितलं, इथे बनवणाऱ्याने दुकानदाराची किंमत ठरवायची नसते, ती स्पर्धेला मारक समजतात, पुस्तकांसारखे थोडे अपवाद सोडून. ती म्हणाली, "मग वाणी लुबाडेल त्याचं काय?" मग मी तिला फळीवरची चिठ्ठी दाखवली. पुड्याच्या किमतीखाली बारीक अक्षरात एका किलोचा भाव. सगळ्या युरोपीय संघात तो सहसा लावावा लागतो. त्यानंतर आईला दुकानातून बाहेर काढणं कठीण झालं. मोठा पुडा स्वस्त दिसतो पण किलोमागे महाग पडतो, हे तिने दोन ठिकाणी पकडलं आणि रात्री फोनवर बाबांना सांगितलं. छापील किंमत म्हणजे यापेक्षा जास्त कोणी घेऊ नये असं बंधन, आणि किलोचा भाव म्हणजे तूच तोलून पाहा असं सांगणं. मला दोन्ही हवेत. आपल्याकडेही आता पाकिटावर एककाची किंमत छापतात. ती फळीवर, डोळ्यांच्या उंचीवर आली तर आईसारख्यांचं काम सोपं होईल.

एकच वस्तू, एकच खोटेपणा आणि देशागणिक वेगळं माप, याचं जगाने पाहिलेलं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केलं की चाचणीच्या वेळी धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर या गाड्यांत बसवलं आहे. अमेरिकेत सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांसाठी २०१६ मध्येच तडजोड झाली, १,४७० कोटी डॉलरपर्यंतची. कंपनीने गाडी घोटाळ्याआधीच्या भावाने परत घ्यायची, वर प्रत्येकाला ५,१०० ते सुमारे १०,००० डॉलर. कंपनीच्या स्वतःच्या देशात चोवीस लाखांवर गाड्या होत्या. तिथल्या मालकांना आधी मिळालं ते सॉफ्टवेअरचं अपडेट. एकाने लढावं आणि निकाल सर्वांना लागू व्हावा अशी सोय जर्मन कायद्यात नव्हतीच. या प्रकरणाने ती करायला भाग पाडलं. १ नोव्हेंबर २०१८ ला नवा कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी ग्राहक संघटनांच्या महासंघाने दावा दाखल केला. फेब्रुवारी २०२० मध्ये ८३ कोटी युरोंची तडजोड झाली, माणशी १,३५० ते ६,२५७ युरो. भारतात सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पाचशे कोटींचा दंड ठोठावला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने वसुलीला अटकाव केला. आणि तो दंड हवेच्या हानीसाठी होता, मालकांच्या खिशासाठी नव्हताच.

हे वाचून अमेरिका म्हणजे ग्राहकाचं माहेर असं कुणाला वाटेल. त्याच अमेरिकेत एका जोडप्याला 'मोफत' फोनवर ३० डॉलर २२ सेंट विक्रीकर लावला गेला. त्यांच्यासारखे अनेक होते, म्हणून सामूहिक दावा झाला. पण कराराच्या बारीक अक्षरांत होतं की वाद खासगी लवादापुढे आणि एकेकट्यानेच मांडायचा. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कलम उचलून धरलं. तीस डॉलरसाठी एकटं कोण लढतं? कंपन्यांनाही हे उत्तर माहीत होतं. अशा वेळी मला बाबांच्या जिन्याखालच्या सतरंजीची किंमत कळते.

ताई मेलबर्नला असते. तिच्याकडे कायद्यात वर्षंच लिहिलेली नाहीत. २०११ पासून लागू असलेला ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा म्हणतो, वस्तू रास्त काळ टिकली पाहिजे, आणि रास्त म्हणजे किती ते वस्तूच्या जातीवर आणि किमतीवर. 'पैसे परत मिळणार नाहीत' अशी पाटी लावणं तिथे बेकायदा. तिचा फ्रिज तिसऱ्या वर्षी गेला तेव्हा वॉरंटी संपली होती. ती दुकानात एवढंच म्हणाली की या किमतीचा फ्रिज तीन वर्षांत जाणं रास्त आहे का ते मला लिहून द्या. कुणी लिहून दिलं नाही. फ्रिज दुरुस्त करून मिळाला.

मी आता पुन्हा डोंबिवलीत आहे. आई गेली त्याला चार वर्षं झाली. बाबा एकोणऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. गेल्या वर्षी त्यांच्यासाठी श्रवणयंत्र घेतलं, अडतीस हजारांचं. तिसऱ्या महिन्यात त्यातून नुसती खरखर येऊ लागली. दुकान म्हणालं, कंपनी. कंपनी म्हणाली, "आत घाम गेलाय, वापरणाऱ्याची चूक." डोंबिवलीच्या दमटपणात, कानामागे लावायच्या यंत्राला घाम लागणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नसावं?

पावती थर्मल कागदाची होती, तीन महिन्यांत कोरी पडली. पण बाबांनी आणल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढून तारेला लावली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला, तक्रार नोंदली गेली, कंपनीने तेच घामाचं उत्तर पाठवलं. मग ग्राहक आयोगाकडे, म्हणजे पूर्वीच्या मंचाकडे, ऑनलाइन तक्रार केली. मजकूर बाबांनी मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिला, मी तो अपलोड केला. घर सोडावं लागलं नाही, फी लागली नाही. वीस वर्षांत एवढं खरंच बदललं.

जे बदललं नाही ते सांगते. यंत्र आता कपाटात आहे, त्याच्या खोक्यात. मी म्हटलं, बाबा, दुसरीकडून दुरुस्त करून आणते. ते म्हणाले, "पुरावा आहे तो. उघडलं की आपण बिघडवलं म्हणतील." त्यांचं बरोबर आहे. दोष सिद्ध करणं आजही तक्रारदाराकडेच आहे. म्हणून खरेदीनंतरच्या पहिल्या वर्षात वस्तू बिघडली तर दोष मुळातलाच धरावा, आणि तसं नसल्याचं विकणाऱ्याने किंवा बनवणाऱ्याने दाखवावं, एवढं एक कलम आपल्या कायद्यात यावं असं मला तळमळीने वाटतं. त्याला नवी इमारत लागत नाही, नवे सदस्य लागत नाहीत. आई पाटावर बसून अडीच वर्षं धुवत राहिली ते कपडे या एका कलमाने वाचले असते.

पहिली सुनावणी व्हिडिओवर झाली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसले, हात जोडून नमस्कार केला. समोरचे वकील बोलत होते, अध्यक्षांनी काही विचारलं, आणि बाबांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी शेजारी बसून पाठकोऱ्या कागदावर लिहीत होते. 'घाम गेला म्हणतात.' 'तज्ज्ञाचा दाखला आपण आणायचा.' 'पुढची तारीख १२.' ते चष्मा सावरून एकेक ओळ वाचत होते आणि स्क्रीनकडे पाहून मान डोलावत होते.

लॅपटॉप बंद केल्यावर त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, वर तारीख घातली, सही केली आणि दारामागच्या तारेत ओवला.